आधी ब्रेक लिहा

मिस्तरींच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'थांबा'. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत, त्याने तक्रार सांगायला तोंड उघडायच्या आत, हात वर करून 'थांबा'. नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्या टापूत त्यांना सगळे 'थांबा मिस्तरी'च म्हणत. बाहेर रस्त्यावर झाडून सगळी वाहनं घाईत, आणि आत हा एक माणूस जगाला थांबवायला बसलेला. आठ महिने मी त्यांच्याकडे खेटे घातले. त्या आठ महिन्यांत मला जेवढा संताप आला तेवढा उभ्या आयुष्यात आला नसेल.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नाही, खाजगी. प्रवरेकाठच्या वाड्यावस्त्यांवर मोटरसायकलने फिरते. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. पावसाळ्यात मात्र काळ्या रानातल्या वाटा अशा होतात की चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल गच्च बसतो आणि गाडी जागची हलत नाही. आदल्या पावसाळ्यात एका वस्तीवर म्हैस अडली होती. कॅनॉलच्या कडेला मोटरसायकल टाकून मी बॅग डोक्यावर घेऊन चालत सुटले. पोचले तेव्हा म्हैस गेली होती आणि मालकीणबाई गोठ्याच्या दारात नुसत्या बसून होत्या. "बसा बाई, पाय धुवा," एवढंच त्या म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच हिवाळ्यात मी एका बागायतदाराच्या शेडमध्ये पडून असलेली जुनी पेट्रोल जीप विकत घेतली. चारही चाकांना जोर मिळणारी, सांगाडा दणकट, कागदपत्रं चोख. इंजिन मात्र संपलेलं. पेट्रोल प्यायचं आणि धूर ओकायचं. त्या जागी चांगलं डिझेल इंजिन बसवायचं की झालं काम, असा माझा सरळ हिशेब होता. शिमग्याच्या सुमाराला जीप ओढत मिस्तरींच्या दारात नेली आणि म्हटलं, पावसाच्या आत पाहिजे.

"थांबा," मिस्तरी म्हणाले. "आदी बसून लिवू."

सुट्या भागांची खोकी उकलून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत. मी पहिल्या ओळीला 'इंजिन' लिहिलं. त्यांनी पुठ्ठा ओढून घेतला आणि ते खोडलं. "इंजिन शेवटी. आदी ब्रेक लिवा. नवं इंजिन जड, जोराचं. गाडी पळंल ती पळंलच. थांबवायची कशानं?" मग ब्रेक. मग पुढच्या स्प्रिंगचे पाटे, कारण जड इंजिनाने गाडीचं नाक खाली बसणार. मग रेडिएटर, गिअरबॉक्सचा जोड, इंजिन ज्यावर टेकतं ती रबरं, डिझेलची टाकी, वायरिंग, आरटीओची परवानगी. इंजिन आलं नवव्या ओळीला. माझ्याजवळचे पैसे पाचव्या ओळीलाच संपत होते, पुढचे महिन्यामहिन्याच्या कमाईतून काढावे लागणार होते. आणि सगळ्याच्या खाली मिस्तरींनी आणखी एक ओळ लिहिली, 'विसरलेलं', आणि तिच्यापुढे वरच्या बेरजेच्या चौथ्या हिश्शाएवढा आकडा घातला.

"हे काय?" मी विचारलं.

"लिवायचं राह्यलेलं."

"मग ते आत्ताच आठवा की!"

"आटवलं असतं तर वरच न्हाई का लिवलं?" असं म्हणून ते चहा सांगायला उठले.

पुढचं वेड सुतळीचं. गॅरेजमध्ये मोजायचा टेप होता, पण मिस्तरी मोजणार सुतळीने. पुढच्या जाळीपासून इंजिनामागच्या पत्र्यापर्यंत एक सुतळी, गाठ मारायची. पुढच्या आसापासून बॉनेटपर्यंत दुसरी, गाठ मारायची. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर नाव लिहायचं: 'रेडिएटर', 'आस', 'गिअर'. आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. "टेप वाचताना मानूस चुकतो. सुतळी वाचावी लागत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. एका आठवड्यात दोन सुतळ्या व्हायच्या. मी जाऊन बघायची, तर जीप होती तिथेच, आणि भिंतीवर एक सुतळी वाढलेली.

मला जयंतीला जीप मिरवणुकीत न्यायची होती. आमच्या घराण्यात चारचाकी घेणारी मी पहिली. आईने बॉनेटवर लावायला निळा झेंडा आणि काठीसुद्धा आणून ठेवली होती. मिस्तरींना सांगितलं तर म्हणाले, "लावा की झेंडा. कुठल्या सालच्या जयंतीला?" चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. जयंती गेली. मी चालत गेले.

मग मी जो शहाणपणा केला तो माझ्याशिवाय कुणी केला नसता. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मला नेहमी बोलावणं असतं. घेणाऱ्याच्या वतीने मी जनावर तपासते: दात बघते, कास बघते, शिंगं बघते. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, रंगवून त्याला तरणा करून उभा करतात. ते मी दहा पावलांवरून ओळखते, आणि त्याचा मला गर्व आहे. त्या दिवशी ओळखीचा एक व्यापारी म्हणाला, अपघातात गेलेल्या एका पिकअपचं इंजिन आहे, टेम्पोत ठेवलंय, बघा. निळ्या रंगात नुसतं चमकत होतं. चालू करून दाखवलं, आवाज सुरेख. मी रुमालाखाली हात घातला, बैलाच्या सौद्यात दाबतात तशी बोटं दाबून सौदा केला, भाव चांगला खाली उतरवला आणि टेम्पोतच बसून थेट कोल्हार गाठलं. मिस्तरींच्या नवव्या ओळीतल्या आकड्याच्या निम्म्यात इंजिन! वाटेत मी त्यांना काय काय बोलायचं ते पाठ करत होते.

"थांबा," मिस्तरी टेम्पोवाल्याला म्हणाले. "उतरवू नका."

ते टेम्पोत चढले. खिळ्यावरची 'आस' लिहिलेली सुतळी घेऊन त्यांनी इंजिनाला लावली. खालचं तेलाचं चेंबर गाठीच्या खाली चार बोटं उतरत होतं, म्हणजे खड्ड्यात गाडी आपटली की ते पुढच्या आसावर बसणार. हे कापून-जोडून करता आलं असतं. पण मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एका जागचा निळा रंग खरवडला आणि मला वर बोलावलं. जिथे इंजिनाचा नंबर असतो तिथे लोखंड कानशीने घासून गुळगुळीत केलेलं होतं.

"डॉक्टरबाई, शिंगं तासलेली हायेत," ते हळूच म्हणाले.

टेम्पोवाला हसला असता तर मी त्याला मारलं असतं. व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, बाजारात सौदा झाला तो झाला. पैसे गेले. जिभेवर कडू आलं आणि ते मी मिस्तरींवरच ओकले. "बसवा हेच. नंबर कोण बघणार आहे?"

"मी बगितला ना."

"गाडी माझी आहे, पैसे माझे गेलेत!"

"व्हय. पन हात माझं हायेत."

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवरून तशीच तणतणत कोपरगावला एका गॅरेजात गेले. तिथला माणूस मोठा गोड. आठ दिवसांत देतो म्हणाला. चेंबर आसाला लागतंय म्हटलं, तर "होऊन जाईल". नंबर नाही म्हटलं, तर "होऊन जाईल मॅडम". "आणि ब्रेकचं काय?" मी विचारलं. "ते पण होऊन जाईल की." मी मोटरसायकलला किक मारली आणि परत आले. इतका राग आला होता स्वतःचा! मिस्तरींनी ते चोरीचं इंजिन पोलीस ठाण्यात जमा करायला लावलं, तिथे माझा अख्खा दिवस गेला, आणि पुठ्ठ्यावर आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

मृग लागला तेव्हा जीपच्या पोटात इंजिनाची नुसती पोकळी होती. मी पुन्हा कॅनॉलच्या कडेने चालत निघाले. श्रावणात एका सकाळी एक गाय माझ्या डोळ्यांदेखत गेली. अर्धा तास आधी पोचले असते तर वाचली असती. परतताना चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन मी गॅरेजात शिरले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "तुमच्या थांबा-थांबाने जनावरं मरताहेत माझी!"

त्या दिवशी मिस्तरी 'थांबा' म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, जनावर गेलं ते वाईटच झालं. पन घाईत बसवून दिलं आन् उतारावर तुमीच गेल्या, तर बाकीच्या जनावरांकडं कोन जाईल?" राग मात्र होताच, तो मी बरोबर घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅरेज दुपारी बंद ठेवायला सुरुवात केली. सुतळ्या गळ्यात घालून ते नगरच्या भंगारबाजारात फिरायचे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, चहावाल्याने सांगितलं. पाच इंजिनं नाकारली. सहावं सगळ्या गाठींत बसलं, कागदांसकट. ते नवव्या ओळीतल्या आकड्यातच आलं.

दिवाळीच्या तोंडावर जीप तयार झाली. मला वाटलं, ते चिखलात घालून दाखवतील. त्यांनी ती कॅनॉलच्या भरावावर चढवली, उतारावर सुसाट सोडली आणि मधेच ब्रेक दाबला. जीप जिथल्या तिथे उभी राहिली. "आता न्या," म्हणाले.

हिशेबाला पुठ्ठा पुढे ठेवला. नऊच्या नऊ ओळींवर खुणा. 'विसरलेलं'च्या खाली खरोखरच सात-आठ वस्तू भरलेल्या: नळ्या, हँडब्रेकची वायर, कसली कसली क्लॅम्पं. शेवटच्या आकड्यापुढे मात्र नाव नव्हतं.

"हे कशाचं?"

"गाडीतच हाय. लागंल तवा सापडंल."

"बरं," मी म्हटलं. पण अशा आवाजात म्हटलं की हा आकडा मी लबाडीचा समजते ते त्यांना कळावं. त्यांना ते कळलं. पुठ्ठा दुमडून त्यांनी माझ्या हातात दिला आणि गॅरेजात गेले. तेव्हापासून मी तिकडे फिरकले नाही. जीप एकदाही बिघडली नाही, त्यामुळे जावंही लागलं नाही.

रमजान ईदनंतर आठवड्याने मिस्तरी गेले. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून परत आले नाहीत. मला कळलं तेव्हा मी नेवाशाकडे एका गोठ्यात होते. निघाले, पण मातीला पोचले नाही.

यंदाच्या पावसात त्याच कॅनॉलपलीकडच्या वस्तीवरून फोन आला. त्याच मालकीणबाई, ज्यांची म्हैस गेली होती. गाय अडली होती. जीप घेऊन मी निम्म्या रानापर्यंत मजेत गेले आणि वस्ती समोर दिसत असताना चारही चाकं गाळात बसली. गिअर टाकून पाहिलं, आणखी खोल. मी स्टिअरिंगवर हात आपटले आणि मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या. नऊ ओळी लिहिल्या, आठ महिने घालवले, आणि शेवटी काय?

जॅक शोधायला मागचं बाक उचललं. त्याच्या तळाशी एक पोतं होतं. ते मी कधी उघडलं नव्हतं. आत नवाकोरा जाड दोर, वेटोळं करून, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे बसवलेले. एका आकड्याला सुतळी बांधलेली होती आणि सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर मिस्तरींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाळ'.

मालकीण बांधावरून हाका मारत होत्या. शेजारच्या उसातला ट्रॅक्टर त्यांनी आणवला. ट्रॅक्टर कडक जमिनीवरच उभा राहिला आणि दोर बरोबर तिथपर्यंत पोचला. दहा मिनिटांत मी गोठ्यात होते. कालवड जिवंत निघाली. मालकीण म्हणाल्या, "बसा बाई, पाय धुवा," आणि या वेळी मी बसले आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांना वाटलं, कालवडीसाठीच.

येताना कोल्हारला गॅरेजसमोर ब्रेक दाबला. पहिल्याच दाबाला जीप उभी राहिली. शटर बंद होतं. तेव्हापासून जीपच्या खणात पडून असलेला पुठ्ठा काढला आणि शेवटच्या आकड्यापुढे 'दोर' असं लिहिलं. मिस्तरी, आज वेळेवर पोचले, एवढंच सांगायचं होतं.