भिंतीतलं माझं, भिंतीबाहेरचं तुझं

रविवार, सकाळी अकरा. ठिकाण: आरे कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीतलं एक भाड्याचं स्वयंपाकघर. हजर: काकी, मी आणि नळाखाली ठेवलेली निळी बादली. गैरहजर: घरमालक. विषय: नळ गळतोय, खर्च कोणाचा?

हाच विषय मी काकींबरोबर जोगेश्वरीच्या घरात कितीदा काढला असेल. फरक एवढाच, की तेव्हा घरमालकीण त्या होत्या.

काकी मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी जोगेश्वरीत समोरासमोर दोन खोल्या घेतल्या. एकीत त्या एकट्याच राहायच्या, दुसरीत मी भाड्याने. दुरुस्ती निघाली की बाकीचे मालक फोन उचलत नाहीत. काकी उलट स्वतःचं स्टूल घेऊन यायच्या. बिघडलेल्या वस्तूसमोर ते मांडायच्या, बसायच्या आणि म्हणायच्या, "चाय टाक. मग बघूया."

त्यांचा नियम पहिल्या दिवशीच सांगून झाला होता. "भिंतीच्या आतलं माझं, भिंतीच्या बाहेरचं तुझं. कटकट नाय." मला हायसं वाटलं. त्याआधीच्या दोन घरांतून मला अशाच बारीकसारीक दुरुस्त्यांवरून वाजलं म्हणून निघावं लागलं होतं. मालकाकडे काही मागितलं की पुढचं अग्रीमेंट होत नाही, हे मी अनुभवाने शिकले होते. इथे सरळ नियम होता. मी तो लिहूनही ठेवला.

पहिल्याच महिन्यात बाथरूमचा नळ गळायला लागला. काकी स्टूल घेऊन आल्या. नळ बाहेर, पण त्याचे आटे भिंतीत. चहा झाला. काकींनी निकाल दिला, "आटे माझे, नळ तुझा." प्लंबर म्हणाला, "काकी, नुसता वायसर गेलाय." आता वायसर भिंतीच्या आत की बाहेर? तो तर नळाच्याही आत. काकी प्लंबरवरच उखडल्या, "मेल्या, तुका कोणी इचारल्यान?" खर्च त्यांनी केला. का केला, ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या नळाने माझी लादी खराब केली असती ना!" यात मी देणं लागते की त्या, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

मग ट्यूबलाइट. पट्टी काकींची, ट्यूब माझी, हे पटकन ठरलं. स्टार्टरवर गाडी अडली. दोन दिवस मी अंधारात पोळ्या लाटल्या. तिसऱ्या दिवशी मी स्टार्टर आणला, तेव्हा काकीही एक घेऊन दारात उभ्या. "आता दोन झाले," मी म्हटलं. "एक माझ्याकडे लाव," त्या म्हणाल्या, "माझा पण गेलाय." म्हणजे इतके दिवस त्याही अंधारातच होत्या.

एकदा बाथरूमच्या दाराची कडी निखळली. एवढ्यासाठी काय बोलवायचं, म्हणून मी सुतार आणून नवीन बसवली. काकी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग आल्या, स्टुलावर बसल्या. "मला बोलवलं नाहीस."

"काकी, कडी भिंतीबाहेर आहे. माझा खर्च."

"दारात भिंत कुठे असते गो?"

मी चहा टाकला.

अग्रीमेंटच्या वेळी मी दोन रकाने छापून आणले: मालक, भाडेकरू. पंखा इकडे, बल्ब तिकडे, असं सगळं. काकींनी बोट फिरवत वाचलं. "बरं केलंयस. फक्त नळ मधल्या रेघेवर लिही." पुढे कडीही रेघेवर गेली, मग स्टार्टर, खिडकीची काच, सिंकची जाळी. शेवटी रेघेवरच सगळ्यात जास्त गर्दी झाली. पण अग्रीमेंट मात्र दरवेळी झालं. एकदाही अडलं नाही.

मग इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना घरं खाली करायची होती. मी बोरिवलीला गेले. निघताना काकी खोली बघायला आल्या. भिंतीतले खिळे, फुटकी फरशी, काहीच बघितलं नाही. फक्त बाथरूमचा नळ घट्ट बंद केला. "काकी, पाडणारच आहेत." "पाडू देत. नळ उघडा नाही ठेवायचा."

मी धीर करून विचारलं, "नवीन बिल्डिंगमध्ये मला द्याल ना खोली?"

"बघूया. आधी उभी तर राहू दे."

हे हो की नाही? चहा घेतलेला नव्हता, त्यामुळे हा निकाल धरायचा की नाही, तेही कळेना.

परवा त्यांचा फोन आला. "शुभा, येतेस काय गो? नळ गळता."

म्हणून आज इथे आले. नवीन इमारत होईपर्यंत बिल्डर भाडं देतो, त्यात त्यांना मिळालेलं हे घर. स्टूल तेच. त्या बसल्या, पण आवाज बारीक. प्लंबर येऊन गेला होता. नळ ठीक आहे, पाइप भिंतीत सडलाय, भिंतीवरची लादी फोडावी लागेल, असं तो सांगून गेला.

"मग सोपंय," मी म्हटलं. "भिंतीच्या आतलं. मालकाचं. फोन करा."

"मीच करते ना खर्च."

"काकी, लादी फोडायची तर त्याला विचारायलाच लागेल."

काकींनी पदराने हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "चावी देताना म्हणाला, कटकट असेल तर दुसरं बघा. माझ्या वयाच्या एकट्या बाईला कोण देतं गो दुसरं?"

ही तीच बाई, जिने प्लंबरला झापलं होतं. मी म्हटलं, "त्यांना इथे बोलवा. चहा द्या. तुम्ही यायचात तसे येतील."

"सगळे येतात काय?"

मी नंबर लावायला घेतला. त्यांनी माझा हात धरला. "आज रविवार. जेवत असेल."

"तुमचं घर आहे. तुम्हाला हक्क आहे."

"माझं कुठे?" त्या म्हणाल्या. आणि मग, "तू कर फोन. तुला सवय आहे भाडेकरू असण्याची."

"मी कोण म्हणून करू?"

काकींनी जुने रकाने वाचावेत तसं ओट्यावर बोट फिरवलं. भिंतीच्या आत, बाहेर, रेघेवर, कुठेच मी बसत नव्हते बहुतेक. बादली भरली होती. आम्ही दोघींनी कडी धरून ती मोरीत ओतली आणि पुन्हा नळाखाली लावली.

"चाय टाक," काकी म्हणाल्या.

मी आधण ठेवलं. फोन बाकी आहे.