चाकूबाईंची मोसंबी

चाकूबाईंनी सत्तावीस वर्षं रोपवाटिकेत डोळे भरले. डोळा भरायचा म्हणजे गोड झाडाचा एक कोंब सालीसकट उचलून जंगली खुंटाच्या सालीत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. बोटाएवढा चाकू कायम कमरेला, म्हणून हे नाव. घरामागची मोसंबी त्यांच्याच हातची.

नवरा दवाखान्यात होता तेव्हा त्याला अन्न जाईना. घरची मोसंबी तेवढी मागत होता. बाई पिशवी घेऊन आल्या, तर झाड रिकामं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या दिराने सगळी फळं उतरवून आपल्या साहेबांच्या घरी पोचवली होती. त्याची बढती अडली होती.

"वाया गेली असती, वहिनी. तुम्ही तिकडे अडकलेल्या."

बाजारची मोसंबी नवऱ्याने थुंकून टाकली. चौथ्या दिवशी तो गेला.

बाई भांडल्या नाहीत. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! मन कसलं? बाई टपून बसल्या होत्या.

दोन वर्षांनी दीर निवृत्त झाला आणि त्याला बागेचं वेड लागलं. खुंट लावून तो दारात हजर.

"वहिनी, तुमच्या झाडाचा डोळा भरून द्या की. तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

"त्यात काय, भाऊजी! घरचंच आहे."

मोसंबीच्या सांध्याखाली जंगली खुंटाचा फुटवा आला होता. रोपवाटिकेत असा फुटवा दिसला की लगेच खुडतात. बाईंनी हा मुद्दाम पोसला होता. डोळा त्याचाच काढला, आणि आयुष्यात कधी बसवला नसेल इतक्या सफाईने बसवला.

झाड फोफावलं. दीर रोज बादल्या ओतायचा, उन्हाळ्यात चादर बांधायचा.

"आमच्या ह्यांनी पोरांचं कधी एवढं केलं नाही," जाऊ म्हणायची. "झाडाला शाळेत घालायचं तेवढं राहिलंय!"

"काटे फार आलेत हो, वहिनी," दीर एकदा म्हणाला.

"लहानपणी असतातच. वाढलं की कमी होतात."

पाचव्या वर्षी फळ धरलं. दिराने त्याच साहेबांना सहकुटुंब बोलावलं, सर्वांसमोर रस काढला. बाईही होत्या. पहिल्या घोटाला साहेबांचे डोळे मिटले ते उघडेचनात. आंबट, कडू, वर जाड सालीचा वास. त्यांच्या बायकोने पेला हळूच कुंडीत ओतला. दीर खाली मान घालून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला. एका रात्रीत म्हातारा दिसू लागला होता.

"काही उपाय आहे का, वहिनी? पाच वर्षं घातली हो मी."

उपाय होता. वरचं छाटून नव्या फुटीवर गोड डोळे भरायचे. तीन वर्षांत मोसंबी. चाकू कमरेलाच होता.

"नाही, भाऊजी. मुळापासून काढावं लागेल."

त्याने स्वतःच कुऱ्हाड घेतली. बाई भिंतीपाशी खुर्ची टाकून बसल्या. बुंधा आडवा झाला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याने पाणी मागितलं. बाईंनी पेला भरून दिला, तो पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "त्या बाजूचं मूळ राहिलंय अजून."