हकीमसाहेबांचं आठवणं

धामणगाव बढ्याहून मलकापूरला कापूस घेऊन आलेल्या एका गाडीवानाने मला शाळेच्या फाटकाशी गाठलं आणि हकीम गनीसाहेब गेल्या शुक्रवारी वारल्याचं सांगितलं. मातीलाही मी नव्हतो. ऐकून रडू आलं नाही. गेली तीन वर्षं ते थोडेथोडे जातच होते... आला तो उरलेल्याचा निरोप. पण तो निरोप आल्यापासूनच्या या दीड महिन्यात मला रोज आठवतात ते त्याआधीचे गनीसाहेब.

मी धामणगावच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो तेव्हा ते साठीच्या घरात असतील. मशिदीच्या गल्लीत त्यांची बैठक, पाठीमागे बरण्यांच्या फळ्या. वही कसली ती नव्हतीच. आसपासच्या खेड्यांतली घरंच्या घरं त्यांच्या डोक्यात. नाडी धरली की म्हणायचे, तुझ्या आजीलाही पावसाळ्यात असंच व्हायचं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे, आणि अशी बारा वर्षं गेली. मग कधीतरी बोलताबोलता त्यांचा एखादा शब्द निसटू लागला. जायफळाला "ते... खिरीत किसून टाकते ते" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी लगेच शब्द पुरवायचो. मास्तरकीची खोड, दुसरं काय! नागपूरकडचे इन्स्पेक्टर येत तेव्हा मुलं झटपट बोलली तर शाळा चांगली, म्हणून वर्गात अडखळणाऱ्याच्या हातावर मी छडी मारत असे. एकदा गनीसाहेब शांतपणे म्हणाले, "शब्द येऊन राह्यला होता, मास्तर. तुम्ही दार लावून घेतलं." मी ते हसण्यावारी नेलं.

त्या हिवाळ्यात दोन कोसांवरच्या खेड्यातून एक बाई आली. मुलीला खोकला, आणि घरी सासऱ्याचे सांधे धरलेले. गनीसाहेबांनी दोन पुड्या बांधल्या. लाल दोऱ्याची मुलीची, पांढऱ्याची सासऱ्याची. ती गेल्यावर आमच्या इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू झाल्या. दोन घटकांनी त्यांची नजर समोरच्या दोऱ्यांवर गेली. मग मला विचारलं, "लाल दोऱ्यात काय बांधलं मी?" मी पाहिलं नव्हतं. सासऱ्याच्या पुडीत शोधून शुद्ध केलेला बचनाग होता, मुळात विषारीच मुळी ती. म्हाताऱ्याला तो तोलून मापून चालतो, लहान मुलाच्या जिवावर बेततो. त्यांनी डोळे मिटून हात हवेत हलवून पाहिले, पुडी बांधल्यासारखे... "मले आठवून नाही राह्यलं," ते म्हणाले, आणि पायात जोडा न घालताच बाहेर पडले.

शेजाऱ्याची बैलांची दमणी जुंपून आम्ही निघालो. बाईचं घर सापडलं तेव्हा लाल दोरा सुटलेला होता आणि वाटीत पूड मधात कालवलेली. मुलगी आईच्या मांडीवर तोंड उघडून बसली होती. गनीसाहेबांनी वाटी घेतली, बोटाने थोडंसं आपल्या जिभेवर ठेवलं आणि भिंतीला टेकून थांबले. बचनाग असता तर जीभ बधिर झाली असती. बाई घाबरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे... शेवटी त्यांनी वाटी परत दिली. मुलेठीच होती, खोकल्यावरचा ज्येष्ठमध. "दे बेटी तिले," म्हणाले, "बरोबर आहे."

परतताना मी म्हणालो, पाहा, उगाच घाबरलो आपण. त्यावर ते जे बोलले ते मी अजून विसरलो नाही. "दवा बरोबर निघाली, मास्तर. पन मले ठाऊक नव्हतं. बरोबर निघनं आन् ठाऊक असनं, एक नाही होत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नाडी धरली नाही. त्यांचा मुलगा युसूफ दवाखाना पाहू लागला होता. त्याने विनवलं, नुसते बसा, लोक तुमच्या नावावर येतात. ते बसले नाहीत. मात्र मला म्हणाले, डोक्यात आहे तोवर उतरून घ्या. मग दीड वर्षं रोज संध्याकाळी ते सांगत आणि मी लिहीत असे. काल काय जेवले ते सांगता येत नसे, पण चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी कोणत्या ओढ्याकाठी कोणती मुळी दाखवली ते पानापानासकट सांगत. पहिल्यासारखं झटकन काही येत नव्हतं. मी मधेच बोललो की धागा तुटे. गप्प राहिलो की हळूहळू येई, आणि येई ते चार रोगी आठवून, पारखून आलेलं असे. मुकाट बसायला मी तिथे शिकलो. छडी कधी सुटली ते सांगता येणार नाही, पण त्याच दिवसांत सुटली. ते बाड आज युसूफकडे आहे.

पुढे माझी मलकापूरला बदली झाली. शेवटचा गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. कोण गावचे, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग जरा जवळ सरकून म्हणाले, "आमचे ते मास्तर दिसत नाहीत आताशा. भेटले तर सांगा त्याईले, वाट पाहून राह्यलो म्हनून." मी म्हणालो, सांगतो.

आता मीही पन्नाशी पार केली आहे. परवा जेवताना बायकोला काही सांगत होतो आणि एका गावाचं नाव अडलं. ती नाव सांगणारच होती. मी हात वर केला. तिला हे आता ठाऊक झालं आहे. हातातला घास तसाच धरून ती थांबली... आणि आम्ही दोघं, तिसरं कुणी यायचं असावं तसे, वाट पाहत राहिलो.