तडकलेल्या माठाचा आवाज

त्या इंजिनिअरभाऊंचं नाव मी विचारलंच नाही. आमच्या जळगावच्या सोसायटीची तपासणी करायला ते आले, हातात एवढीशी हातोडी. स्लॅबला टकटक करायचे अन् डोळे मिटून ऐकायचे.

जाळं काढताना बाळाच्या झोळीवरच्या स्लॅबला झाडूचा दांडा लागला की पोकळ वाजायचं, अन् कितीदा सांगितलं तरी चेअरमन नाना माझं सातवीपर्यंतचं शिक्षण काढायचे, "सातवी शिकेल पोर शे, उगाच घाबरस!"

भाऊ आमच्या घरातून निघायला लागले तशी मी बोलूनच गेले, "भाऊ, झोळीच्या वर बद्द वाजतंय. माझे आबा पाचोऱ्याला माठ घडवतात, तडकलेला माठ असाच वाजतो."

नाना हसले. भाऊ हसले नाहीत. हातोडी माझ्याच हातात दिली. "वाजवा ताई."

मी स्टुलावर चढले. खणखण, खणखण, अन् झोळीच्या वर बद्द! भाऊंनी तिथं खडूनं गोल काढला.

"नाना, दुरुस्तीच्या यादीत पहिलं हे लिहा. असा कान मला वीस वर्षांत आला नाही. ताई, बाकीची घरं माझ्यासोबत तपासता?"

मी बाळाला कडेवर घेतलं, झोळी सोडली अन् सगळ्यात आधी नानांच्याच घराचा जिना चढले.