वैशीची वाक्यं

भात निसवायच्या दिवसांत आमच्या आंदर मावळात पहाटे एक ओला, दुधाळ वास उतरतो. कोवळ्या लोंबीत दूध भरत असतं, त्याचा तो वास. यंदा दार उघडलं तसा तो आत आला आणि खाटेजवळच्या यंत्राच्या वासात मिसळला. तापलेली धूळ, तापलेलं प्लॅस्टिक आणि आत अखंड घोंघावणारा छोटा पंखा! दोन्ही वासांची एकमेकांशी काही ओळख नव्हती, तरी ते एका खोलीत मुकाट राहिले. मनात आलं, बाहेर शेतात सगळं भरत चाललं आहे आणि इथं खाटेवर माझी लेक रिती होत चालली आहे. देवा, ही दोन्ही कामं तू एकाच हातानं करतोस?

माझी वैशी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात होती. मी अशी, की एसटीत तिकीटसुद्धा शेजारणीला मागायला लावते. आणि माझ्या पोटी ही असली बोलकी पोर आली कशी, याचं मला कायम नवल वाटायचं. रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्यांना ती तिथूनच हाक मारी, "या काकू, शेंगदान्याची घ्या, दात हायेत तवर चावून घ्या!" आणि काकू रागावण्याऐवजी हसत आत येत. तिचा आवाज जरा घोगरा होता, शेवटच्या अक्षराला वर चढणारा. एकदा तिच्या हातून खोका पडला. मग पायातली चप्पल निसटायला लागली, मग जिभेवर शब्द जड झाले, आणि एका हिवाळ्यात ते यायचेच थांबले. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लांबलचक इंग्रजीत सांगितलं. त्याला उपाय नाही, हे मात्र मराठीत सांगितलं.

कामशेतला रफीकभाऊंचं यंत्रदुरुस्तीचं दुकान आहे. वैशीचे वडील त्यांच्याकडे मोबाईल नीट करायला गेले होते, तिथं बोलण्यातून बोलणं निघालं आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतः एक जुनं कॉम्प्युटरचं यंत्र घेऊन दारात उभे राहिले. "मावशी, यंत्राला आतून चालवणारं हे युनिक्सच्या घराण्यातलं," ते म्हणाले, "लिनक्स म्हणतात. जुन्यापान्या यंत्रावरसुद्धा नांदतं." पडद्यावर त्यांनी आपली अक्षरं मांडली. अक्षरांवरून एक पिवळा चौकोन चालत जातो. वैशीच्या अंगठ्याखाली एक मोठं बटण. हव्या त्या अक्षरावर चौकोन आला की तिनं दाबायचं. अक्षराला अक्षर जोडून वाक्य झालं की यंत्र ते मोठ्यानं म्हणणार.

आवाज मात्र पुरुषाचा होता. नाकातला, सपाट, कुणी परमुलखातला माणूस धडा वाचतो तसा. शेजारची पारूआत्या पहिल्या दिवशी उंबऱ्यातच थांबली.

"आगं बया! पोरीच्या अंगात कुनी कंडक्टर शिरलाय काय?"

चौकोन किती तरी वेळ अक्षरांवरून फिरत राहिला. आत्या कंटाळून परत वळली, तेव्हा मागून तोच सपाट आवाज आला, "आत्या, तिकीट काढा."

आम्ही हसलो! त्या घरात किती महिन्यांनी हसलो, ते आठवायचीसुद्धा भीती वाटली.

त्या दिवसापासून यंत्राची सेवा माझ्याकडे आली. रफीकभाऊंना दर वेळी आंदर मावळात येणं कसं जमणार? गाडी सकाळची चुकली तर संध्याकाळची, आणि ती येईलच असं नाही. मग ते फोनवर सांगत आणि मी करी. काही चालेना झालं की आधी तारा बघायच्या, कोंबडी मागून गेली तरी तार हलते. आवाज आला नाही तर आधी तो कुणी शून्यावर नेला आहे का ते बघायचं. पासवर्ड घेत नसेल तर मोठ्या अक्षरांचा दिवा पेटलेला आहे का पाहायचं, कारण या यंत्राला मोठं अक्षर आणि छोटं अक्षर म्हणजे दोन वेगळी माणसं वाटतात. लाइट जाऊन आल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या तर घाबरायचं नाही. ते आपल्या पोटातली मोडतोड तपासत असतं, तेव्हा त्याला हात लावायचा नाही. आणि मधेच सगळं थिजलं, चौकोन एका अक्षरावर उभाच राहिला, तर तार उपटायची नाही.

"सगळं यंत्र मेलेलं नसतं, मावशी," ते म्हणत. "आत एकच काम अडकतं. बाकीचं सगळं जितं असतं. तेवढं एक शोधून थांबवायचं."

तीन बटणं एकदम दाबून मी मागच्या काळ्या पडद्यावर जाई, त्यांनी शिकवलेली ओळ एकेक अक्षर बघून उठवी आणि अडकलेलं काम थांबवी. चौकोन पुन्हा चालू लागला की मला वाटे, आपण कुणाची तरी नाडी परत आणली.

रफीकभाऊंचा एक प्रश्न ठरलेला असे. काहीही बिघडो, ते आधी विचारत, "काल चालत होतं का? मग कालपासून आजपर्यंत काय बदललं?" किती साधा प्रश्न! यंत्राच्या बाबतीत त्याचं उत्तर नेहमी सापडे. कुणी झाडताना तार ओढली, रात्री लाइट गेली, बटणावर चहा सांडला. पण भाजी निवडताना, भारा बांधताना तोच प्रश्न माझ्या मनात वैशीविषयी येऊ लागला. खोका पडला त्याच्या आदल्या दिवशी ती चालत होती. मग त्या एका रात्रीत काय बदललं? काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायली, कुणाची नजर लागली, माझ्याच कुशीत आधीपासून काही मोडलेलं होतं का? यंत्र निदान पांढऱ्या ओळी दाखवतं, आपल्याला काय होतं ते आपल्या भाषेत सांगतं. माणसाच्या शरीरानं एवढंही करू नये? आत एकच काम अडकलं आहे आणि बाकीचं सगळं जितं आहे, हे मलाही दिसत होतं. डोळे जिते, हसू जितं, खोडी जिती. पण मागचा काळा पडदा कुठं आहे, जिथं जाऊन मी ते अडकलेलं थांबवू?

घटस्थापनेच्या सुमाराला यंत्र उघडेना झालं. नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, त्यानं तो घेतला, क्षणभर पडदा काळा झाला आणि पुन्हा तेच नाव विचारणारं पान! मोठ्या अक्षरांचा दिवा पाहिला, तारा पाहिल्या, बंद करून उघडलं. दर वेळी ते दार उघडून मला आत घेई आणि परत दाराबाहेरच उभं करी. फोनवर रफीकभाऊंनाही काही उलगडेना. त्यांच्या घरी आजारपण होतं, येतो येतो म्हणता बरेच दिवस गेले.

त्या दिवसांत मीच यंत्र झाले. तिच्या तोंडासमोर बसून अक्षरांच्या ओळी म्हणायच्या. क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ. हवी ती ओळ आली की वैशी डोळे मिटे. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग त्याची काना-मात्रा. शाळेत बाईंनी उभं केलं की माझा आवाज फुटत नसे, आणि आता दिवसभर बाराखडी म्हणत होते.

रफीकभाऊ आले ते भरदुपारी. त्यांनी काळा पडदा उघडला, दोन-तीन ओळी लिहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"पोट भरलंय याचं, मावशी. तसूभर जागा नाही. आत यायचं तर त्याला थोडी जागा लागते, तीच नाही. म्हणून दारातून परत पाठवतंय."

"कशानं भरलं?"

त्यांनी एक फाईल वाजवली. खोलीत सपाट आवाज घुमला, "आत्या, तिकीट काढा." दुसरी वाजवली, "आये, आमटीत मीठ हाय का समदा डबाच हाय?" तिसरी, "बाबांना सांगा, घोरताना कूस बदला." मी पदर तोंडाला लावला. रफीकभाऊंनी सांगितलं, की ती लिहायची ते वाक्य आधी आवाजाची फाईल होऊन साठे आणि मग वाजे. वाजल्यावर फाईल पुसायची, हे त्या कामात घालायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. म्हणून इतक्या दिवसांत वैशी जे जे बोलली ते सगळं आत साचलं होतं. तिच्या बोलण्यानंच तिचं बोलणं अडलं होतं.

"पेन ड्राइव्ह आणलाय," ते म्हणाले. "आधी सगळं यात भरून घेऊ. मग पुसू."

मी हो म्हणणार, तोच वैशीचे डोळे माझ्याकडे वळले. ते कसे वळले की तिला बोलायचं असतं, हे मला कळतं. परक्या माणसासमोर मोठ्यानं ओळी म्हणायला मला लाज वाटत होती, तरी म्हटल्या. नको, एवढंच निघालं.

"वैशे, नको काय? मला पायजेत ती. उद्या..." पुढचं माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. ते तिघांनाही ऐकू आलं.

तिनं पुन्हा डोळे वळवले. मी म्हणत गेले, ती मिटत गेली. उंबऱ्यातलं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं तेव्हा वाक्य पुरं झालं. "कंडक्टरला उतरू दे."

मी हसले, आणि हसतानाच मला कळलं ती काय सांगते आहे. तो तिचा आवाज नव्हता. तिचा आवाज लोणावळ्याच्या रस्त्यावर होता, घोगरा, शेवटी वर चढणारा, आणि तो आम्ही कुणीही कशातही धरून ठेवला नाही. विहिरीचं पाणी कुणी मोजून ठेवतं का? घरात लेक बोलते आहे, ती बोलतच राहणार. आता मी जपू पाहत होते ते त्या परक्या माणसाचं बोलणं होतं. तिच्यामागं मी त्याला वाजवून ऐकत बसावं, हे तिला नको होतं.

रफीकभाऊंनी पुसायची ओळ लिहिली आणि हात मागे घेतला.

"शेवटचं बटण तुम्ही दाबा, मावशी. माझ्यानं नाही होणार. याला कचऱ्याची टोपली नसते. गेलं की गेलं."

मी वैशीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले आणि उघडले. मी दाबलं.

काहीच झालं नाही. आवाज नाही, पांढऱ्या ओळी नाहीत. फक्त खाली नवी रिकामी ओळ आली. मी विचारलं, बिघडलं का? ते म्हणाले, "नाही. या घराण्याची हीच रीत आहे. काम नीट झालं तर हे काही बोलत नाही. बोलतं ते चुकलं तरच."

मग नाव, पासवर्ड, आणि यंत्र उघडलं. अक्षरं उजळली, पिवळा चौकोन चालू लागला. मी तिचा अंगठा उचलून बटणावर ठेवला. चौकोन क-वरून ज्ञ-पर्यंत गेला आणि पुन्हा क-वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. रफीकभाऊ खाली वाकले. बटणाची तार काढून पुन्हा बसवली. बटण फुंकून साफ केलं. मग तिचा अंगठा हळूच बाजूला करून आपल्या अंगठ्यानं दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उमटलं.

त्यांनी सवयीनं विचारलं, "हे काल चालत..." आणि ते मधेच थांबले.

यंत्र बंद होतं त्या दिवसांत अंगठ्याचं काम कुणाला पडलंच नव्हतं. तो कधी थांबला, हे मी बघितलंच नाही. मी अक्षरं म्हणत होते, ती डोळे मिटत होती. पण तिला ठाऊक असणारच ना? मग यंत्रातली ही सगळी जागा तिनं कुणासाठी करून घेतली?

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," मी म्हटलं. "तार बरी हाय."

वैशीचे डोळे माझ्याकडे वळले. मी तिच्या तोंडासमोर बसले आणि क-च्या ओळीपासून सुरुवात केली. च. मग ह, आणि त्याला काना. चहा. घरी आलेला माणूस तसाच जाऊ नये, हे तिलाच सुचायचं.

मी उठले. पाणी ठेवलं, गूळ फोडला. रफीकभाऊ मान खाली घालून तारा गुंडाळत होते. वैशीच्या वडिलांना कामावरून यायला अवकाश होता. एरवी मी मागच्या पडवीत असले तरी तो कंडक्टर मला हाक मारी, आमटीसाठी, अंगावरच्या माशा हाकायला, उगाचच. आता चहाला उकळी येईपर्यंत माझी पाठ खोलीकडे होती, आणि तेवढा वेळ ती डोळ्यांनी काय म्हणत होती, ते भिंतीलाच ठाऊक.