अण्णाची गळकी नाव

वैशाखातल्या एका सकाळी शहाद्याच्या घरी मी चहा गाळत होते, तेव्हा प्रशांतचा फोन आला. प्रशांत म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा मुलगा; मी त्याची आत्या, फुई. "फुई, अण्णा गया," एवढंच तो म्हणाला. कसं झालं, जवळ कोण होतं, असं माणूस विचारतो. मी विचारलं, "नाव पानीमा शे का बाहेर?" तो म्हणाला, "बाहेर शे, फुई. उलथी करेल शे." मी गॅस बंद केला आणि खालीच बसले. खरं सांगायचं तर पहिलं रडू भाऊ गेल्याचं आलं नाही, नाव कोरडी पडली आहे याचं आलं. वाचणाऱ्याला मी चमत्कारिक बाई वाटले तर वाटू दे, माझी काही हरकत नाही.

अण्णाला जाऊन आता दीड महिना झाला. या दिवसांत त्याच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. उत्तरकार्याच्या दिवशी एका वक्त्याने माईक हातात घेऊन सांगितलं की या माणसाचं आयुष्यात कोणाशी वैर नव्हतं. मी बायकांच्या रांगेत बसले होते, मला हसू आवरेना. अण्णाचं वैर होतं. चांगलं घट्ट होतं, एकोणीस वर्षं त्याने ते निगुतीने सांभाळलं, आणि त्यात माझा अर्धा वाटा होता. ते वगळून अण्णाबद्दल लिहायचं म्हणजे त्याचा नुसता फोटो भिंतीला लावायचा. म्हणून हा लेख.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशाच्या अलीकडे. आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी राख सावडून प्रकाशाच्या घाटावर आणतात आणि नावेत बसून नदीच्या मध्यात सोडतात. वडील गेले तेव्हा घाटावर माणसं नेणारी नाव एकच होती, तात्यांची. तात्या म्हणजे पंचक्रोशीतलं बडं प्रस्थ. आदल्या वर्षी ग्रामसभेत अण्णाने उभं राहून विचारलं होतं की नदीची वाळू रोज कोणाच्या ट्रॅक्टरमधून जाते. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, विचारलं एकट्याने. त्याचं फळ आम्हाला त्या दिवशी घाटावर मिळालं. अण्णाच्या हातात मडकं, मागे आई, तिच्या मागे मी आणि वीसेक भाऊबंद. तात्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव गळी ऱ्हायनी. आज नही." आम्ही दोन तास उन्हात उभे राहिलो. तेवढ्यात एक दुसरं कुटुंब आलं, आणि तीच नाव, आमच्या डोळ्यांदेखत, त्यांना घेऊन मध्यात जाऊन परत आली. तिचा तळ कोरडा होता. मी जवळ जाऊन पाहिला.

शेवटी गुडघाभर पाण्यात उभं राहून अण्णाने राख सोडली. काठाला पाणी साचलेलं, त्यात झेंडूची फुलं, नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. राख पुढे जाईचना. वाऱ्याने ती मागे आली आणि आईच्या लुगड्याच्या काठाला चिकटली. आई खाली बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमना बाप पाछा फिरना." ते लुगडं तिने पुढे कधी नेसलं नाही आणि धुतलंही नाही. घडी करून ट्रंकेत ठेवलं. मी अनेकांना अनेक गोष्टी माफ केल्या आहेत. नवऱ्याच्या बदल्या करणाऱ्यांना केलं, माझी बढती अडवणाऱ्या हेडमास्तरांना केलं. हे मात्र नाही.

दिवस झाल्यावर अण्णा सारंगखेड्याला गेला आणि नाव बघून आला. पूल व्हायच्या आधी तिथे माणसं पैलतीरी नेणारी एक लाकडी नाव होती. पूल झाल्यापासून ती एका शेताच्या बांधावर उलटी पडली होती आणि तिच्याखाली मालकाच्या कोंबड्या राहत होत्या. मालकाला आधी वाटलं, हा गडी थट्टा करतोय. अण्णाने त्याला आपली फटफटी दिली आणि नाव घेतली. पुढची दोन वर्षं तो शेतात सायकलने गेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाव अंगणात आली तेव्हा वहिनी दारातच उभी राहिली. एका बाजूच्या तीन फळ्या कुजलेल्या, खिळे गंजून भुगा झालेले, आणि आत कोंबड्यांनी काय करायचं ते मनसोक्त केलेलं. वहिनी म्हणाली, "यान्हापेक्षा म्हैस आनतात." आईने अंगणात झाडून जागा करून दिली.

नाव दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न होता. घाटावरचं कोणीही तात्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. एकटे मोतीराम बाबा तयार झाले. त्यांचा जन्म मासेमारीत आणि नावांची डागडुजी करण्यात गेलेला, आणि तात्यांना घाबरण्याचं वय त्यांनी मागे टाकलेलं. कुजक्या फळ्या काढून नवापूरकडून आणलेल्या सागाच्या बसवल्या. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासायचा असतो, तेलात आणि डांबरात भिजवून. कापसाला आमच्याकडे काय तोटा? आईने आयुष्यभर देवासाठी वाती वळल्या होत्या. ती आता अंगठ्याएवढ्या जाड वाती वळायला लागली. मी सुट्टीत गेले की तिच्याजवळ बसून वळत असे. वात वळताना आई तात्यांना नाव न घेता शिव्या देई. एरवी तिच्या तोंडून 'मेला' सुद्धा ऐकू येत नसे. त्या दोन महिन्यांत मला आईची नवी ओळख झाली, आणि ती आवडली.

बाबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होते. वर्षानुवर्षं उन्हात वाळलेलं लाकूड आक्रसलेलं असतं. नाव आधी उथळ पाण्यात दगड घालून बुडवून ठेवायची, आठ-नऊ दिवस. "तिले पहिले बुडाऊ दे," ते म्हणत. "पोटभर पानी पिऊ दे. मंग पानी लेस नही ती." अण्णाला धीर नव्हता. सोमवती अमावस्या तोंडावर आली होती, घाटावर गर्दी असणार होती, आणि त्याला तात्यांच्या समोर नाव पाण्यात घालायची होती. बाबांचं न ऐकता त्याने हार घातला, नारळ फोडला आणि नाव लोटली. वीस हात गेली असेल नसेल. सगळ्या फटींतून पाणी उसळलं आणि अण्णा हारासकट कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. तात्या पायरीवरून ओरडले, "भाऊ, हाई नाव शे का चाळनी?" घाट हसला. मला अजून ते हसू ऐकू येतं, आणि त्यात कोण कोण होतं तेही मी सांगू शकते. त्यातले चार जण उत्तरकार्याला जेवून गेले.

तिसऱ्या दिवशी अण्णाने बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. आमच्या गावाजवळच्या उथळ पाण्यात नाव बुडवली, रोज सकाळी जाऊन बघायचा. दहाव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं आणि बाबांनी त्याला वल्हं हातात दिलं. नाव तरंगली. एका सांध्यातून मात्र थोडं पाणी येत राहिलं, ते शेवटपर्यंत कधी थांबलं नाही. अण्णाने गोडेतेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापला, त्याला लाकडाची मूठ ठोकली आणि पाणी उपसायला नावेत ठेवला. मी सुचवलं की तो सांधा पुन्हा उघडून नीट करू. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गळकी नावमा भी मानूस नेता येस, हाई त्याले दिसू दे."

मग सुरू झाला अण्णाचा सूड. मी कल्पना केली होती त्याहून तो फार संथ होता. शेतीचं काम आटोपून अण्णा घाटावर जाई. ज्याला कोणी नेत नाही त्याला तो नेई. सातपुड्यातून उतरलेली, ऊसतोडीवरून आलेली माणसं, बाईमाणूस एकटी राख घेऊन आलेली, सगळ्यांना. मध्यात नाव थांबवून तो वल्हं आडवं धरी आणि राख पूर्ण विरेपर्यंत हलत नसे. येता-जाता नाव मुद्दाम तात्यांच्या पायरीजवळून नेई आणि म्हणे, "राम राम, तात्या." एवढंच. मी एकदा चिडून म्हटलं की एवढं सगळं केलंस तर तोंडावर दोन शब्द सुनाव तरी. त्याने उत्तर दिलं, "बोलनं त्यानं काम. मी नाव चालाडी ऱ्हायनू." हळूहळू लोक तात्यांच्या नावेत बसेनासे झाले. त्यांची मुलं सुरतेला गेली, आणि मागच्या वर्षी त्यांनी ती नाव विकून टाकली. ज्या दिवशी ती ट्रकवर चढली त्या दिवशी मी शहाद्यात पुरणपोळ्या केल्या. शेजारणीने विचारलं, आज काय सण? मी सांगितलं, आहे एक.

आई गेली तेव्हा तिला अण्णानेच नेलं. ट्रंकेतलं ते लुगडंही आम्ही बरोबर घेतलं होतं. तिच्यामागून वडीलही मध्यात गेले, असं मी मानते.

आता अण्णाची पाळी होती आणि नाव काठावर उलटी. दर उन्हाळ्यात तो तिच्या फटींतला जुना कापूस काढून नवा भरत असे. यंदा जुना काढून झाला होता, नवा भरायचा राहिला होता. अंगणात अण्णाला निजवलेलं असतानाच मी भाऊबंदांना सांगितलं की तिसऱ्या दिवशी राख जाणार नाही, दहाव्याला जाईल. कुरकुर झाली. कोणी म्हणालं, आपल्यात असं नसतं. कोणी म्हणालं, काठावर सोडू, नदी एकच आहे ना. मी म्हटलं, ज्याला घाई असेल त्याने घरी जावं. अस्थींचं गाडगं पांढऱ्या फडक्यात बांधून निंबाला टांगलं. मोतीराम बाबा कधीच गेले होते, पण प्रशांतला सगळं येत होतं. मी वाती वळल्या, त्याने ठासल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाव बुडवली. नदीवरच्या बॅरेजचं, बंधाऱ्याचं पाणी खाली गेलेलं, म्हणून ती जेमतेम बुडाली. वरच्या फळ्यांवर आम्ही ओली पोती टाकली आणि मी रोज तीनदा कळशीने त्यांवर पाणी ओतत होते. गुडघे माझे कामातून गेलेले. मनात एकच होतं, हा माणूस काठावरून जाता कामा नये.

दहाव्याला नाव निघाली. प्रशांत वल्ह्यावर, त्याचा मोठा भाऊ गाडगं घेऊन, आणि मी तळाशी बसून डब्याने पाणी उपसत. पाणी नेहमीपेक्षा जास्त येत होतं. उपसता उपसता मी अण्णाला भरपूर बोलले, की एक आठवडा थांबला असतास तर काय बिघडलं असतं. मध्यात प्रशांतने वल्हं आडवं धरलं. राख पाण्यावर पसरली, जरा रेंगाळली आणि पूर्वेकडून पश्चिमेला निघून गेली. परत फिरली नाही. मी बघत होते.

चार दिवसांनी तात्या भेटायला आले. काठी टेकत, एका गड्याचा हात धरून. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, रीत म्हणून चहाही दिला. अण्णा कसा भला होता ते त्यांनी सांगितलं. उठायच्या आधी गड्याला त्यांनी बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे वळले. "ताई," ते म्हणाले, "मन्हा पोरेस्नी नाव इकी टाकी. मन्हा वखतले तुमनी नाव भेटी का?"

त्यांच्या राखेला आमची नाव मिळेल का, एकोणीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, हे मला तो ऐकल्यावर कळलं. मी विचारलं, "तात्या, मन्हा बापनी राख आनेल व्हती आम्ही. आठवस का?" त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "कितला लोके येतस, ताई. कोना कोना याद ठेवू?" खोटं बोलत नव्हते. आईचं लुगडं, अण्णाची फटफटी, ती दोन वर्षांची सायकल, चाळणी, राम राम, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मला वाळूपेक्षा, नावेपेक्षा त्याचाच जास्त राग आला. मी त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हटलं, "नाव गळी ऱ्हायनी, तात्या."

त्यांनी ते शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटले. मग त्यांची मान एकदम वर आली आणि मला दिसलं की आठवलं. घाट आठवला, आम्ही आठवलो. काठी शोधायला त्यांना वेळ लागला, ती मी उचलून हातात दिली. त्या दिवशी मला छान झोप लागली, हेही लिहून ठेवते.

मी घरी निघताना प्रशांतने विचारलं, "फुई, खरंच नही लेवानं का तात्यास्ले नावमा?" मी नावेतला तो अर्धा डबा तेवढा उचलला आणि पिशवीत घालून शहाद्याला आणला. आता तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मुठीवर जिथे अण्णाचा अंगठा बसायचा तिथे लाकूड झिजून खळगा पडला आहे, माझा अंगठा त्यात सैल बसतो. असा डबा कोणीही कापून देईल, हे मला कळतं. पण प्रशांत दुसरा डबा घेऊन नाव काढणार नाही, हेही ठाऊक आहे. त्याला आधी माझ्या दाराशी यावं लागेल. डबा मी रोज पुसते, गंज चढू देत नाही. तात्यांशी मी खोटं बोलले नाही. नाव खरंच गळते, डब्याशिवाय ती मध्यापर्यंत जात नाही, आणि डबा माझ्याकडे आहे.