दादाच्या तळहाताखालचं गाणं

काल वाशीला चपला घेत होते आणि दुकानात अचानक ते गाणं लागलं. कोरड्या स्विमिंग पूलमध्ये बँड वाजवतोय आणि गायकाच्या एकाच पायात बूट आहे, असा त्याचा व्हिडिओ होता. मी शाळेत असताना संध्याकाळी म्युझिक चॅनल लावून दादा माझी परीक्षा घ्यायचा. गाणं सुरू झालं की टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात गाण्याचं आणि बँडचं नाव यायचं. त्यावर तो तळहात दाबून धरायचा, जुन्या टीव्हीची काच विजेने चरचरायची, त्याच्या हातावरचे केस उभे राहायचे. हे गाणं लागलं त्या दिवशी त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली. सकाळी तो नोकरीसाठी मस्कतला निघणार होता. “बोल, बँड कुठला?” मी त्याचं मनगट ओढलं. “दादा, हात काढ ना!” “टेन्शन नको घेऊ, शेवटी परत येतं नाव.” पण शेवट यायच्या आत केबल गेली. “जाऊ दे, परत लागेल,” तो म्हणाला. पुढे तो तिकडचाच झाला. आता फोनवर आम्ही आईच्या औषधांपलीकडे फारसं बोलत नाही. काल दुकानात मोबाइलने ते गाणं ऐकून क्षणात नाव शोधून दिलं. मी वाचायच्या आतच त्यावर अंगठा दाबून धरला. काच चरचरली नाही.